रेक्टमचा (मलाशयाचा) कॅन्सर: एमआरआयची स्लाइस आणि ग्रॉसिंगची स्लाइस एकमेकांना कशी लावायची?

ग्रॉसिंग_निवासी

नमस्कार. एमडी पॅथॉलॉजीच्या प्रबंधाचा विषय असा आहे: रेक्टमच्या ॲडेनोकार्सिनोमात ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि काढलेल्या स्पेसिमेनचं हिस्टोपॅथॉलॉजी कितपत जुळतं. सगळ्या केसेस टीएमईच्या (रेक्टम भोवतीच्या चरबीसकट, म्हणजे मेसोरेक्टमसकट, काढण्याच्या ऑपरेशनच्या) आहेत. काही थेट ऑपरेशनच्या, तर काही रेडिएशन-केमोनंतरच्या. सध्या दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून टी (ट्यूमर किती खोल गेला) आणि एन (लिम्फ नोड्समध्ये पसरला का) स्टेज ताडून पाहतेय आणि तीन ठिकाणी अडतंय.

एक, एमआरआयवर टी३ (ट्यूमर स्नायूच्या बाहेर चरबीत) लिहिलेलं असतं आणि आमच्याकडे ट्यूमर स्नायूच्या आतच सापडतो, म्हणजे पीटी२ (‘पी’ म्हणजे पॅथॉलॉजीने ठरवलेली स्टेज). दोन, एमआरआय म्हणतो की मेसोरेक्टल फॅशिया (मेसोरेक्टमचं बाहेरचं आवरण) मोकळी आहे, पण स्लाइडवर सीआरएम (स्पेसिमेनची बाहेरून कापलेली कड) पॉझिटिव्ह निघतो. तीन, रेडिएशननंतरच्या एमआरआयवर ‘ट्यूमर शिल्लक’ असं येतं आणि आम्हाला एकही जिवंत पेशी दिसत नाही. नोड्सची तर गणतीच नको.

नुसती स्टेज न ताडता स्लाइसला स्लाइस लावून पाहायची असेल, तर ग्रॉसिंगपासून (स्पेसिमेन उघड्या डोळ्यांनी पाहून कापण्यापासून) नेमकं काय काय करावं लागेल? आमच्याकडे मोठ्या आकाराच्या कॅसेट (ऊतीचे तुकडे ठेवायच्या डब्या) नाहीत, साध्याच आहेत.

पॅराफिन

तुमच्या तीनपैकी दोन अडचणींचा उगम मायक्रोस्कोपखाली नाही, ग्रॉसिंगच्या टेबलावर आहे. स्पेसिमेन ट्यूमरवरून उभा चिरला की जुळवणी तिथेच संपली. भिंत उलगडते, मेसोरेक्टम बाजूला लोळतो, आणि ट्यूमर कुठल्या बाजूला किती खोल गेला होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पुष्कळदा ही चीर ऑपरेशन थिएटरमध्येच पडलेली असते, ‘आत काय आहे बघू या’ म्हणून. त्यामुळे पहिलं काम सर्जनना सांगून ठेवायचं: स्पेसिमेन न उघडता, ताजा पाठवा. लगेच पाठवणं शक्य नसेल तर ऐसपैस डब्यात, ऊतीच्या दहापट फॉर्मेलिन घालून. अरुंद बरणीत कोंबलेला मेसोरेक्टम बरणीचाच आकार घेतो.

स्पेसिमेन हातात आला की चाकू लावायच्या आधी समोरून आणि मागून फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. पुढची बाजू ओळखायला पेरिटोनियमची (पोटाच्या आतल्या अस्तराची) घडी पाहा. ती पुढून जास्त खाली उतरते, मागून वर राहते. मागे मेसोरेक्टमचा दोन गोलाकार फुगवट्यांचा भाग असतो. याच वेळी मेसोरेक्टमचा दर्जा ठरवून लिहून टाका. पृष्ठभाग गुळगुळीत आणि कुठलाही खड्डा ५ मिमीपेक्षा खोल नाही, तर पूर्ण. खड्डे त्याहून खोल आहेत पण स्नायू उघडा पडलेला नाही, तर जवळपास पूर्ण. स्नायू दिसतोय, तर अपूर्ण. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका ओळीत असतं.

मग शाई. आधी पृष्ठभाग टिपकागदाने कोरडा करा, नाहीतर शाई फटींतून आत झिरपते आणि स्लाइडवर खोटं मार्जिन (कापलेली कड) दिसतं. उजव्या अर्ध्या भागाला निळी आणि डाव्याला काळी लावली की स्लाइडवर बाजू आपोआप कळते. लाल टाळा, इओसिनमध्ये (स्लाइडच्या गुलाबी रंगात) मिसळून जाते. शाई फक्त पेरिटोनियम नसलेल्या पृष्ठभागाला लावायची. पुढे वरच्या भागात जिथे पेरिटोनियम चकाकतं ते मार्जिन नव्हे. तिथे ट्यूमर पृष्ठभागावर आला तर तो टी४ए, त्याला सीआरएम पॉझिटिव्ह म्हणू नका.

आता उघडायचं, तेही पुढून आणि ट्यूमरच्या वरचा व खालचा भाग तेवढाच. ट्यूमर असलेला तुकडा नळीसारखा बंद ठेवायचा. आतला मळ सलाइनने धुऊन घ्या आणि फॉर्मेलिनमध्ये भिजवलेली गॉजची वात दोन्ही टोकांनी सैल सरकवा. सैल हे महत्त्वाचं, कारण ठासून भरली तर भिंत ताणून पातळ होते आणि खोलीची मोजमापं बिघडतात. उघडलेले भाग थर्माकोलवर किंवा कॉर्कवर हलकेच टाचा. न टाचलेलं आतडं फॉर्मेलिनमध्ये लांबीला जवळपास निम्म्यापर्यंत आकसू शकतं, मग डिस्टल (खालच्या) मार्जिनचा आकडा सर्जनच्या आकड्याशी कधीच जुळत नाही.

किमान ४८ तास, जमलं तर ७२. घाईचा सगळ्यात मोठा तोटा चरबीत दिसतो. अर्धवट फिक्स झालेला मेसोरेक्टम चाकूपुढे घसरतो, स्लाइसची कडा वाकते आणि सीआरएमचा १ मिमीचा निर्णय त्या वाकलेल्या कडेवर घ्यावा लागतो. कापायला गेल्यावर मऊ लागला तर परत डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. लांब पात्याच्या चाकूने, एका ओढीत, ३ ते ४ मिमी जाडीच्या आडव्या स्लाइस पाडा. नोड शोधण्यासाठी चरबी आधी सोलून काढायची नाही. नोड स्लाइसमध्येच, आपापल्या जागी सापडू देत.

या स्लाइस मांडायच्या कशा, यात बहुतेकांची चूक होते. एमआरआयचं आडवं चित्र पायाच्या बाजूने पाहिल्यासारखं असतं, रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे. म्हणून प्रत्येक स्लाइस गुदद्वाराकडची बाजू आपल्याकडे आणि पुढची बाजू वर अशी ठेवा. मग निळी शाई तुमच्या डावीकडे आली पाहिजे. उजवीकडे आली तर स्लाइस उलटी पडली आहे. खालून वर १, २, ३ असे नंबर द्या, सगळ्या एका ट्रेमध्ये ओळीने मांडून वरून सरळ फोटो घ्या.

मोठी कॅसेट नसली तरी अडत नाही. एमआरआयवर शंका असलेली स्लाइस चार तुकड्यांत कापा, ब्लॉकना (मेणात बसवलेल्या तुकड्यांना) ‘६-पुढे-उजवा’, ‘६-मागे-डावा’ अशी नावं द्या आणि फोटोच्या प्रिंटवर पेनाने तुकड्यांच्या रेषा काढून ठेवा. हे प्रिंट फाइलला लावा. ट्यूमरचे किमान चार ब्लॉक आणि किमान बारा नोड्स, ही नेहमीची अट आहेच. रेडिएशननंतर बारा भरतीलच असं नाही, पण शोध तितकाच घ्यायचा.

तिरका_छेद

रेडिओलॉजीच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्या एमआरआयशी तुलना करताय तो जुळवण्यालायक आहे का ते आधी तपासा. टी२ सिक्वेन्स (एमआरआय चित्राचा प्रकार, टी२ स्टेजशी संबंध नाही), ३ मिमी जाडीच्या स्लाइस, पिक्सेल साधारण ०.६ मिमीचा, आणि मुख्य म्हणजे आडवे छेद ट्यूमरच्या जागच्या रेक्टमला काटकोनात घेतलेले हवेत. सॅक्रमच्या वळणावर रेक्टम तिरका असतो. तिथे शरीराला सरळ आडवा छेद घेतला तर स्नायूची कडा पुसट होते आणि टी२ चा टी३ दिसतो. ट्यूमर लांब असेल आणि वळणावर बसला असेल तर दोन वेगळ्या कोनांचे छेद लागतात. ज्या केसमध्ये असे छेदच नाहीत ती जुळवणीतून बाहेर काढा, किंवा वेगळ्या गटात ठेवा.

उंची जुळवण्यासाठी गुदद्वारापासूनचे सेंटिमीटर वापरू नका. अँटेरियर रिसेक्शनच्या (गुदद्वार राखून केलेल्या ऑपरेशनच्या) स्पेसिमेनमध्ये गुदद्वारच नसतं. दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणा तीन: पुढची पेरिटोनियमची घडी, ट्यूमरची खालची कड आणि वरची कड. एमआरआयच्या उभ्या चित्रात घडी बिंदूसारखी रेक्टमच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसते. एपीआर (गुदद्वारासकट रेक्टम काढणं) असेल तर डेंटेट लाइन (गुदमार्गातली दातेरी रेषा) ही चौथी खूण.

हिशेब असा. समजा एमआरआयवर ट्यूमरची लांबी ३६ मिमी, म्हणजे ३ मिमीच्या बारा स्लाइस. फिक्स झाल्यावर स्पेसिमेनमध्ये ट्यूमर ३० मिमी भरला आणि तुम्ही ४ मिमीच्या स्लाइस पाडल्या. एमआरआयच्या खालून आठव्या स्लाइसमध्ये शंकास्पद जागा आहे. तिचा मध्य खालच्या कडेपासून २२.५ मिमीवर. २२.५ ला ३० ने गुणून ३६ ने भागा: १८.७५ मिमी. म्हणजे तुमची पाचवी स्लाइस, १६ ते २० मिमीची. एक स्लाइस वर, एक स्लाइस खाली धरून तीनही पाहा. आकसणं सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे याहून बारीक अचूकतेचा दावा करू नका.

घड्याळाची जागाही दोघांनी एकाच भाषेत लिहावी. १२ म्हणजे पुढे आणि ३ म्हणजे रुग्णाची डावी बाजू. ग्रॉसिंगच्या आधी रेडिओलॉजिस्टकडून एक ओळ लिहून घ्या: ‘आठवी स्लाइस, ४ वाजता, स्नायूच्या बाहेर ६ मिमी, फॅशियापासून २ मिमी.’ ती ओळ हातात असली की कुठून ब्लॉक घ्यायचा हे शोधावं लागत नाही.

आता टी३ आणि पीटी२. स्नायूपासून चरबीत निघालेले बारीक, काळे, काटेरी धागे टी२ चित्रात दिसतात. ती बऱ्याचदा ट्यूमरभोवतीची नुसती तंतुमय प्रतिक्रिया असते. काटेरी धाग्यांवरून टी३ म्हणायचं नाही. ट्यूमरच्याच करड्या सिग्नलचा, रुंद बुडाचा उंचवटा स्नायूबाहेर आला तर म्हणायचं. ही चूक आमच्याकडून होते आणि तुमच्या यादीतल्या बऱ्याच केसेस अशाच असतील. त्या स्लाइडवर स्नायूच्या बाहेर फायब्रोसिस आहे का ते जरूर लिहा. तेवढ्याने कारण कळतं.

खरं तर टी२ आणि काठावरचा टी३ यांची ओढाताण फार महत्त्वाची नाही. स्नायूच्या बाहेर १ मिमीपेक्षा कमी गेलेला टी३ए आणि टी२ यांचं पुढचं भवितव्य जवळपास सारखं असतं. त्याऐवजी स्नायूच्या बाहेरच्या कडेपासून खोली मिमीमध्ये मोजा, दोघांनीही. रेक्टमच्या एमआरआयवरच्या मर्क्युरी अभ्यासात २००७ मध्ये हीच तुलना झाली आणि एमआरआय व पॅथॉलॉजीची मापं सरासरीने अर्ध्या मिमीच्या आत समतुल्य ठरली. सरासरी म्हणतोय. एकेका केसमध्ये काही मिमीचा फरक पडतोच. स्नायू ट्यूमरने खाऊन टाकलेला असेल तिथे दोन्ही बाजूंच्या शाबूत स्नायूच्या कडा जोडणारी काल्पनिक रेषा धरायची, आणि तीच रीत दोन्हीकडे.

ग्रॉसिंग_निवासी

सर, मॅडम, मनापासून आभार. ट्रेमध्ये स्लाइस मांडताना आम्ही नेहमी वरची बाजू वर ठेवत आलो, म्हणजे सगळे फोटो आरशातले आहेत. ते दुरुस्त करते.

सीआरएमबद्दल अजून विचारायचंय. एमआरआयवर फॅशियापासून ४ मिमी अंतर आणि स्लाइडवर ०.५ मिमी. ही एमआरआयची चूक धरायची का?

ओटी_टेबल

नाही. सर्जन म्हणून ठामपणे सांगतो, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजताय. एमआरआय मोजतो ते ट्यूमरपासून मेसोरेक्टल फॅशियापर्यंतचं अंतर. ही शरीरातली मूळची पातळी आहे. तुम्ही शाईपर्यंत मोजता, म्हणजे आम्ही जिथे कापलं तिथपर्यंत. आम्ही फॅशियाच्या बाहेरून नीट गेलो असू तरच ही दोन अंतरं एक होतात. चाकू मेसोरेक्टमच्या आत शिरला तर एमआरआय बरोबर असूनही सीआरएम पॉझिटिव्ह येणार. ज्या केसमध्ये मेसोरेक्टम अपूर्ण किंवा जवळपास पूर्ण लिहिला आहे, ती विसंगती एमआरआयच्या खात्यात टाकू नका, आमच्या खात्यात टाका. उलटही होतं: फॅशिया ट्यूमरला टेकलेली दिसली म्हणून आम्ही मुद्दाम बाहेरून, शेजारच्या अवयवाचा भाग घेऊन काढतो. मग स्लाइडवर मार्जिन मोकळं. तेही एमआरआयचं अपयश नाही, त्याचाच उपयोग झालाय.

खालच्या रेक्टममध्ये आणखी जपून. लेव्हेटर स्नायूच्या (श्रोणीच्या तळाच्या) पातळीला मेसोरेक्टम निमुळता होत संपतो, तिथे मोजायला चरबीच उरत नाही. एपीआरच्या स्पेसिमेनला नेमकी तिथेच कंबर असते आणि पॉझिटिव्ह मार्जिन बहुधा त्या कंबरेवर मिळतं. त्या भागाचे ब्लॉक वेगळे घ्या, वेगळे मोजा.

पॅराफिन

वरच्याला जोडून: १ मिमी किंवा त्याहून कमी म्हणजे पॉझिटिव्ह, आणि हे अंतर स्लाइडवर मोजायचं, ग्रॉसवर पट्टी लावून नाही. मार्जिनजवळ नेमकं काय आहे तेही लिहा: मुख्य ट्यूमर, शिरेतला ट्यूमर, ट्यूमर डिपॉझिट (चरबीतली सुटी ट्यूमरगाठ) की नोड. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा फक्त मुख्य ट्यूमरचं अंतर असतं. तुम्ही शिरेतल्या गाठीपर्यंत मोजलं तर आकडा वेगळा येणारच.

शिरांचंही सांगून ठेवते. एमआरआयवर ईएमव्हीआय (स्नायूबाहेरच्या शिरेत शिरलेला ट्यूमर) आहे आणि स्लाइडवर नाही, अशा केसमध्ये आधी स्वतःच्या स्लाइडवर संशय घ्या. ट्यूमरने भरून गेलेली शीर एच अँड ई-वर (नेहमीच्या स्टेनवर) शीर म्हणून ओळखूच येत नाही, गोलसर गाठ दिसते. शेजारी एकटीच धमनी आहे आणि तिच्या जोडीची शीर कुठेच नाही, असं दिसलं की त्या ब्लॉकचा इलॅस्टिक स्टेन करा. व्हर्होफ-व्हॅन गीसन या इलॅस्टिक स्टेनमध्ये गाठीभोवती काळ्या तंतूंचं कडं उमटलं की ती शीर. एमआरआयने दाखवलेल्या स्लाइसमधून, शिरेच्या दिशेने लांबट ब्लॉक घेतला तर हे जास्त सापडतं.

आता तिसरा प्रश्न, रेडिएशननंतरचा. इथे आधी तुमचा तक्ता तपासा. उपचाराआधीच्या एमआरआयची टी स्टेज वायपीटीसमोर (उपचारानंतर पॅथॉलॉजीने ठरवलेल्या टी स्टेजसमोर) मांडली असेल तर ती तुलनाच चुकीची आहे, मधल्या काळात ट्यूमर बदलला. वायपीसमोर फक्त उपचारानंतरचा एमआरआय ठेवायचा, आणि त्याची तारीख व ऑपरेशनची तारीख यांतलं अंतर रकान्यात लिहायचं.

वायपीटी० (ट्यूमर उरला नाही) म्हणण्याआधी व्रणाचा संपूर्ण भाग ब्लॉकमध्ये घेतला होता का? पहिल्या पाच ब्लॉकमध्ये ट्यूमर नसेल तर उरलेला व्रण पूर्ण एम्बेड करा. तरीही नसेल तर प्रत्येक ब्लॉकचे तीन खोलवरचे छेद पाहा. बेट-बेट करून उरलेल्या पेशी स्नायूत खोल असतात आणि वरची म्यूकोसा साफ दिसते. एवढं करूनही काही नाही मिळालं, तेव्हाच एमआरआय चुकला म्हणायचं.

आणि म्यूसिनची (ट्यूमरने स्रवलेल्या चिकट द्रवाची) तळी. पेशी नसलेलं नुसतं म्यूसिन आम्ही ट्यूमर धरत नाही, ते वायपीटी० च. एमआरआयवर पेशी असलेलं आणि नसलेलं म्यूसिन दोन्ही पांढरंशुभ्र, फरक करता येत नाही. या केसेस वेगळ्या रकान्यात टाका.

तिरका_छेद

म्यूसिनला डिफ्यूजनही (पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरचा एमआरआय) मदत करत नाही. टी२ चा पांढरेपणा डिफ्यूजनच्या उच्च बी-व्हॅल्यूच्या चित्रातही झिरपतो, त्यामुळे एडीसी नकाशा (डिफ्यूजनचं मोजमाप) शेजारी ठेवूनच वाचायचं. रेक्टममधल्या हवेमुळेही भिंतीजवळ खोटा पांढरा डाग येतो.

रिग्रेशनच्या (उपचाराने ट्यूमर किती विरला याच्या) श्रेणींबद्दल एक सावधगिरी, कारण इथे अख्खा तक्ता उलटा होऊ शकतो. एमआरटीआरजीमध्ये (एमआरआयवरच्या श्रेणीत) १ म्हणजे पूर्ण प्रतिसाद आणि ५ म्हणजे प्रतिसाद नाही. पॅथॉलॉजीतल्या पद्धतींपैकी मँडार्डचीही तीच दिशा. ड्वोराकमध्ये ० म्हणजे प्रतिसाद नाही आणि ४ म्हणजे पूर्ण. एजेसीसीची पद्धत पुन्हा उलट, ० पूर्ण आणि ३ खराब. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘टीआरजी १’ असेल तर कुठल्या पद्धतीचं ते शोधल्याशिवाय तक्त्यात भरू नका.

नोड्ससाठी माझा सल्ला: प्रत्येक नोडची जोडी लावायच्या मागे लागू नका. एमआरआयवर ठळक दिसलेले दोन-तीन नोड निवडा, त्यांची स्लाइस, घड्याळाची जागा आणि भिंतीपासूनचं अंतर लिहा, आणि तेवढ्यांचीच जोडी लावा. बाकीच्यांसाठी फक्त रुग्णागणिक होय किंवा नाही. आकारावर भिस्त ठेवून चालत नाही, ५ मिमीपेक्षा लहान नोडमध्येही मेटास्टॅसिस असतो. गोल आकार, ओबडधोबड कड आणि आतला असमान सिग्नल, या तीन खुणा धरायच्या. आखूड व्यास ९ मिमी किंवा जास्त असेल तर नोड शंकास्पद, ५ ते ९ मध्ये दोन खुणा हव्यात, ५ च्या खाली तिन्ही. हे निकष उपचाराआधीच्या एमआरआयसाठी आहेत, रेडिएशननंतरच्याला जसेच्या तसे लावू नका. आणि ऑब्ट्युरेटर किंवा इंटर्नल इलियाक नोड (श्रोणीच्या बाजूच्या भिंतीवरचे) एमआरआयवर दिसले असतील तर ते टीएमईच्या स्पेसिमेनमध्ये नसतातच. त्यांना ‘पॅथॉलॉजीत निगेटिव्ह’ म्हणू नका.

ग्रॉसिंग_निवासी

शेवटचा प्रश्न. आधीच झालेल्या केसेसमध्ये स्पेसिमेन ट्यूमरवरून उघडलेले आहेत आणि स्लाइसचे फोटो नाहीत. त्या टाकून द्यायच्या का?

पॅराफिन

टाकू नका, पण दोन गट करा. जुन्या केसेसमध्ये जागेला जागा लावता येणार नाही, तिथे चारच गोष्टी ताडा: टी स्टेज, स्नायूबाहेरची खोली, सीआरएम आणि ईएमव्हीआय. ब्लॉक ठेवलेले असतीलच, त्यामुळे इलॅस्टिक स्टेन आजही करता येतो आणि सीआरएमचं अंतर जुन्या स्लाइडवर परत मोजता येतं. स्लाइड वाचताना एमआरआयचा रिपोर्ट समोर ठेवू नका. आधी स्वतःचा आकडा लिहा, मग ताडा. नव्या केसेसमध्येही हेच. रेडिओलॉजिस्टची ‘आठवी स्लाइस, ४ वाजता’ ही ओळ ब्लॉक घेण्यापुरती वापरायची, मायक्रोस्कोपवर ती बाजूला ठेवायची.

आकडेवारीत टी स्टेजसाठी वेटेड कॅपा (दोघांच्या स्टेज किती जुळतात त्याचा निर्देशांक), खोलीसाठी ब्लँड-ऑल्टमन (दोन मापांतल्या फरकाचा आलेख), सीआरएमसाठी साधा दोन बाय दोनचा तक्ता. कोरिलेशन कोइफिशंट देऊन थांबू नका. एमआरआय प्रत्येक वेळी २ मिमी जास्त मोजत असला तरी कोरिलेशन उत्तमच येईल.